बजेट वाढलं की छोट्या संस्थेला जास्त अनुदान मिळतं का?

तुम्ही विचारलंय की महिला-बालविकासाची तरतूद वाढल्याचं वाचलं, आमची इंदूरच्या बाणगंगा भागात मुलांची अभ्यासिका आहे, तर आता सरकारी अनुदानासाठी अर्ज करावा का.

तरतूद वाढली म्हणून तुमच्या खात्यात आपोआप काही येत नाही. आणि आलंच तर गरज असते तेव्हा येत नाही. हे दुसरं मी सोसलंय, म्हणून लिहायला बसले.

मालवा मिलच्या मागच्या वस्तीत आम्ही पाळणाघर चालवायचो. हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली, बाकीच्या गिरण्याही एकेक करून गेल्या आणि त्या घरांतल्या बायका धुणीभांडी, स्वयंपाक, शिलाई अशा कामांना बाहेर पडल्या. हुकुमचंदच्या कामगारांना थकलेले पैसे मिळायला 2023 चा डिसेंबर उजाडला. म्हणजे मधली बत्तीस वर्षं ती घरं बायकांनीच ओढली. त्यांची मुलं आमच्याकडे असत. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची, पटावर 25. महिन्याला 26 दिवस, रोज साडेसात तास. मी सचिव होते आणि हिशेबही मीच लिहायची.

योजना केंद्राची. 2017 मध्ये तिचं रूप बदललं. केंद्र 60, राज्य 30, संस्था 10 असा वाटा ठरला. वर्तमानपत्रात तेव्हा मानधन वाढल्याच्या बातम्या होत्या, आणि कागदावर ते वाढलंही होतं: सेविकेला 3000, मदतनिसाला 1500. मी दोघींना पेढे दिले होते. त्यानंतर तेरा महिने एक पैसा आला नाही. पूर्वी पैसा एकाच दारातून यायचा, आता दोन दारं झाली. आम्ही विचारायला जायचो तेव्हा राज्याच्या कार्यालयात म्हणायचे, केंद्राचा हिस्सा आला नाही. केंद्राकडून उत्तर यायचं की राज्याने मागच्या रकमेचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे कशावर खर्च झाले याचा दाखला) दिलं नाही. आमचं प्रमाणपत्र तर मी स्वतः नेऊन दिलं होतं, पोचपावतीसकट.

मुलांना दूध रोज दोन लिटर लागायचं. दूधवाल्या भैयाची लाल कापडी बांधणीची वही होती. आमच्या पानावर तो रोज पेन्सिलीने 2 लिहायचा आणि महिनाअखेरीला खाली रेघ मारून पान उलटायचा. पहिले चार महिने काही बोलला नाही. पाचव्या महिन्यात म्हणाला, "दीदी, थोडा तो कर दो, भूसेवाला भी खड़ा है." मी घरी येऊन माझी एफडी मोडली. सेविका तेरा महिने बिनपगारी आली, एक दिवसही खाडा नाही. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं, त्या आयांना योजनेप्रमाणे महिना वीस रुपये भरायचे असत. त्या ते पहिल्या तारखेला पदराच्या गाठीतून काढून देत.

पैसे आले 29 मार्चला, सहा महिन्यांचे. 31 मार्चपर्यंत खर्च दाखवून प्रमाणपत्र द्या असा निरोपही बरोबर. मानधन त्याच दिवशी दिलं. दुधाची मात्र पावती नव्हती, भैयाची वही होती. वही चालत नाही, पक्कं बिल लागतं. आमचे अध्यक्ष (मी त्यांना काका म्हणत असे) म्हणाले, "एखाद्या डेअरीकडून बिलं करून घे, सगळे करतात." मी नाही म्हटलं. दूध खरं, मुलं खरी, मग बिल खोटं का म्हणून? पंधरा हजारांच्या आसपास रक्कम अमान्य झाली आणि पुढच्या हप्त्यातून वळती होणार असं ठरलं. पुढचा हप्ता आलाच नाही. 2018 च्या दिवाळीनंतर पाळणाघर बंद केलं.

त्याच 2017 साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. चार घरी भांडी घासणारी बाई कुठल्या आस्थापनेची कर्मचारी? ती तेव्हाही कुठे नव्हती, आजही नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे. बजेटच्या दिवशी सांगतात तो पुढच्या वर्षाचा अंदाज असतो. त्याच तक्त्यात चालू वर्षाचा सुधारित अंदाज असतो आणि त्याआधीच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्चही. तुमच्या योजनेच्या ओळीत हे तिन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. मूळ तरतूद मोठी आणि सुधारित अंदाज दरवर्षी खाली येत असेल तर समजा की पैसा वर अडतोय, आणि तो अडला की पहिली तहान छोट्या संस्थेला लागते. निवडणुकीचं वर्ष तर वेगळंच: 2024 मध्ये आपल्या मध्य प्रदेशचं आधी लेखानुदान (काही महिन्यांच्या खर्चापुरती मंजुरी) झालं, पूर्ण बजेट 3 जुलैला आलं. तोवर नवीन मंजुरीसाठी तुम्ही कार्यालयात खेटे घालत बसायचं.

अर्ज करा की नको? सरकारच्या दर्पण या संस्थांच्या पोर्टलवर नोंद, आयकर खात्याकडची 12एबी नोंदणी, संस्था नोंदणी कायद्याच्या धारा 27-28 ची (कार्यकारिणी आणि हिशेबाची) माहिती दरवर्षी वेळेवर भरलेली, एवढं असेल तर करा. पण भाडं आणि पगार त्याच्यावर अवलंबून ठेवू नका. अनुदान आलं तर पुस्तकं घ्या, पंखे लावा.

भाडं-पगार कशातून? हाच माझा आणि काकांचा वाद. 2015 मध्येच मी म्हटलं होतं की रामबाग, लोकमान्यनगर, टिळकनगर इथली शंभर मराठी घरं गाठू, महिना शंभर रुपये मागू. दहा हजार होतात. आपला खर्च सेविका, मदतनीस, दूध, भाडं मिळून नऊ हजार. काका म्हणाले, "दारोदार झोळी फिरवायची? काम सरकारचं, पैसे सरकारने द्यायचे." कार्यकारिणीत सात जण होते, सहा त्यांच्या बाजूने. तो नऊ हजारांचा कागद आजही माझ्याकडे आहे. शंभरातली ऐंशी घरं टिकली असती, तरी उरलेली तूट मी एकटीने भरली असती आणि पाळणाघर चालू राहिलं असतं. गणेशोत्सवाची वर्गणी याच घरांमधून गोळा होते, मग मुलांच्या दुधासाठी मागायला कसली लाज?

काका गेले आता. त्यांच्या एका मुद्द्याला मी उत्तर देऊ शकले नव्हते, ते इथे लिहायला हवं: वर्गणीवर शंभर पाळणाघरं चालत नाहीत, एखादंच चालतं. ते खरं आहे. सगळ्या वस्त्यांना पुरेल एवढा पैसा सरकारकडेच आहे, आणि तो मागत राहायलाच हवा.

आणखी एक. वर्गणी मागताना 80जी ची पावती (देणगीवर आयकरात वजावट देणारी) पुढे करून आता फारसं जमणार नाही. नव्या करप्रणालीत ती वजावट नाही, आणि 2025 च्या बजेटनंतर त्या प्रणालीत बारा लाखांपर्यंत करच नसल्याने मध्यमवर्गीय घरांना जुनीकडे वळायचं कारण उरलं नाही. लोकांच्या खिशात पैसे राहिले हे चांगलंच, पण मार्चमध्ये "पावती द्याल ना?" असं विचारत येणारे दाते कमी झालेत. तेव्हा पावतीसाठी नाही, मुलांसाठी मागा, आणि त्यांना एकदा अभ्यासिकेत आणून बसवा. माझं हे सगळं छोट्या संस्थेबद्दल आहे. मोठ्यांकडे सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामांसाठीचा पैसा, असतो, त्यांचं गणित वेगळं. नियमही बदलतात, सीएला विचारून घ्या.

आमच्या पाळणाघराच्या 25 स्टीलच्या वाट्या माझ्याकडे आहेत, तळाशी खिळ्याने मुलांची नावं कोरलेल्या. तुम्ही संध्याकाळी मुलांना खाऊ देत असाल तर कळवा, आणून देते.