स्टोमा आहे म्हणून कातडी सोलवटणारच, असं नसतं

स्टोमा म्हणजे ऑपरेशन करून पोटावर आणलेलं आतड्याचं तोंड, त्यावर बॅग लावतात. स्टोमाच्या पेशंटकडून, आणि त्याहून जास्त त्यांच्या घरच्यांकडून, एक वाक्य मी सारखं ऐकते. "मॅडम, बॅगेभोवती लाल होतं, आग आग होते, पण आता पोटावर पिशवी आहे म्हटल्यावर हे चालायचंच ना?" परवा परत कोणीतरी विचारलं म्हणून लिहायला बसले. नाही, चालायचं नाही. स्टोमाला हात लावला तर दुखत नाही, पण त्याच्या भोवतीची कातडी ही तुमच्या पोटाचीच कातडी आहे, ती बाकी पोटासारखीच दिसायला हवी. आग होतेय म्हणजे बहुतेक वेळा फ्लँजखाली, म्हणजे बॅग पोटाला धरून ठेवणाऱ्या चिकट चकतीखाली, कुठेतरी गळतंय.

एका काकांचं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. निवृत्त एसटी कंडक्टर, आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन, आयलिओस्टोमी, म्हणजे लहान आतड्याचं तोंड पोटावर आणलेलं. बाहेर जात नाहीत, रात्रीचं जेवण सोडलंय, चिडचिड करतात, म्हणून सर्जननी माझ्याकडे पाठवलं. असे पेशंट माझ्याकडे मुद्दाम पाठवतात, कारण मी मनाचं विचारायच्या आधी बॅगेचं विचारते.

"काका, बॅग बदलताना तुम्ही काय करता?"

"मी पंख्याकडे बघतो. ही करते सगळं."

काकू म्हणाल्या, "त्यांना बघवत नाही हो. सोललंय ना, मी खोबरेल लावते, हळद लावते, तरी दुसऱ्या दिवशी सुटतंच, मग चारी बाजूंनी चिकटपट्टी मारते. रोज नवा सेट कुठून आणायचा?"

काकूंची माया खरी, पण सगळी भानगड त्यातच होती. लहान आतड्यातून जे पातळ येतं त्यात अन्न पचवणारे रस असतात, ते कातडीवर राहिले की कातडी जाळतात, सोललेली कातडी ओली राहते, ओल्यावर फ्लँज धरत नाही, मग अजून गळतं. तेलावर तर ती धरतच नाही. आणि बाहेरून चिकटपट्टी मारली की गळलेलं आत कोंडून राहतं.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी आहे, घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा विचार माणसाला जास्त छळतो असं माझं ठाम मत. काकांचा विचार होता, "माझं शरीरच नासलंय." नुसतं बोलून तो हलेना. मग मी आमच्या स्टोमा सिस्टरना, म्हणजे स्टोमाची काळजी घ्यायला शिकवणाऱ्या नर्सना, सोबत घेतलं आणि काकूंना सांगितलं, काढलेली फ्लँज टाकू नका, उलटी करून काकांच्या हातात द्या.

काकांनी ती आधी लांबच धरली. मग चष्मा लावला. बाकी सगळीकडून स्वच्छ, फक्त खाली डावीकडे भोकापासून कडेपर्यंत चिकट थर फुगून पांढरा झालेला आणि त्यावर पिवळट ओघळ. बराच वेळ बघून म्हणाले, "चटका इथंच बसतो. बसलो की."

"बसलो की म्हणजे?"

सिस्टरनी त्यांना खुर्चीत बसवलं, आणि बरोबर तिथेच पोटाला घडी पडली! काकू फ्लँज नेहमी त्यांना झोपवून लावायच्या, झोपल्यावर घडी दिसणार कशी? मग सिस्टरनी मापाचं कार्ड दिलं, काकांनीच ते स्टोमावर धरलं. ऑपरेशननंतर पहिले 6 ते 8 आठवडे स्टोमाची सूज उतरत जाते, तो लहान होतो, पण काकू अजून डिस्चार्जच्या वेळच्या मापानेच कापत होत्या. "अगं, केवढं मोठं भोक कापतेस तू!" काका जवळजवळ ओरडलेच. मला मनातून फार आनंद झाला. 'मी नासलोय' जाऊन 'भोक मोठं आहे' आलं, आणि भोक लहान कापता येतं. माझ्या लेखी काकांचा उपचार त्या वाक्याला सुरू झाला, आणि ते फ्लँज हातात दिल्यामुळे झालं, माझ्या समजावण्याने नाही.

पुढे सिस्टरनी घडीत भरायला सील दिलं, भोक स्टोमापेक्षा 2-3 मिमीच मोठं ठेवायला शिकवलं. साफ करायला फक्त कोमट पाणी, डेटॉल, स्पिरिट, वेट वाइप्स काही नको, टिपून पूर्ण कोरडं करायचं. स्टोमा पावडर फक्त ओल्या सोललेल्या जागी, जास्तीची झटकायची, नाहीतर तिच्यामुळेही चिकटत नाही. फ्लँज लावल्यावर मिनिट-दोन मिनिटं तळहाताची ऊब द्यायची. बॅग एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. बदलायचं सकाळी काही खायच्या-प्यायच्या आधी, तेव्हा कमी येतं, पण खाज किंवा आग सुरू झाली तर लगेच, उद्यावर ढकलून पैसे वाचत नाहीत. आणि जेवण सोडायचं नाही, आयलिओस्टोमीत पाणी आणि मीठ आधीच जास्त जातं.

पावडरीवरून आठवलं. 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकच्या डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी अशा कातडीवर कराया डिंक वापरायला सुरुवात केली, म्हणजे आपल्या जंगलातल्या कांडोळाचा डिंक! आणि पेशंटना शिकवायला 1958 मध्ये त्यांनी नॉर्मा गिल यांना घेतलं, ज्यांना स्वतःला आयलिओस्टोमी होती. मला हे फार पटतं. चटका कुठे बसतो हे ज्याच्या पोटावर स्टोमा आहे त्यालाच कळतं, म्हणून बघायचंही त्यानेच. घरच्यांनी मदत जरूर करावी, पण त्याला पंख्याकडे बघू देऊ नये.

सगळीच लाली गळतीची नसते. कडेला सुटे लाल ठिपके आणि खूप खाज असेल तर फंगल असू शकतं, बरोबर फ्लँजच्या आकाराचीच लाली असेल तर ॲलर्जी, दोन्हीला डॉक्टरच हवेत, मनाने मलम नको. स्टोमा काळा-जांभळा पडला, रक्त थांबेना, किंवा काही येणंच बंद होऊन पोटात कळा आणि उलट्या सुरू झाल्या तर थेट इमर्जन्सी.

बाकी तक्रारींसाठी, ऑपरेशन झालं तिथे स्टोमा सिस्टर आहेत का विचारा, नसतील तर जवळच्या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये विचारा. जाताना दोन फोटो न्या, एक फ्लँज काढल्यावर कातडीचा, बसून काढलेला, आणि एक त्याच फ्लँजच्या मागच्या बाजूचा.