सोमवारपासून जायचंच नाही म्हणतोयस, त्याआधी क्लिअरन्स फॉर्मचं ऐक

तू लिहिलंयस: वाशीच्या हॉटेलात चौथं वर्ष, कॉमी वनवरच (किचनमधली खालची पायरी) अडकलोय, काम मात्र सीडीपीचं, म्हणजे एक सेक्शन सांभाळणाऱ्या शेफचं, करून घेतात. बेलापूरचा एजंट साठ हजार घेऊन पंधरा दिवसांत क्रूझवर चढवतो म्हणतो, आणि नोटीस दोन महिन्यांची आहे म्हणून सोमवारपासून हॉटेलात जायचंच नाही. वाशीच्या जागी मुंबई टाकली की ही माझीच 2012 सालची गोष्ट.

एसटीसीडब्ल्यू (जहाजावरचं सुरक्षा प्रशिक्षण), सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक) वगैरे तुला ठाऊक असणारच. एजंटाचं थोडक्यात उरकतो. जहाजावर माणूस पाठवायला त्याच्याकडे डीजी शिपिंग या सरकारी खात्याचं आरपीएसएल, म्हणजे भरतीचं लायसन्स लागतं. नंबर तू स्वतः साइटवर शोध, त्याने व्हॉट्सअॅपवर टाकलेल्या फोटोवर जाऊ नकोस. एमएलसी 2006 या जहाजावरच्या कामगारांच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे नोकरी लावून देण्याचे पैसे जहाजावर जाणाऱ्याकडून घ्यायचेच नसतात. पासपोर्ट, सीडीसी आणि मेडिकलचा खर्च तुझा, व्हिसाचा कंपनीचा. मग साठ हजार कसले, ते लेखी माग आणि तो किती वेळा फोन उचलतो बघ.

आता माझं. मी राहायला ठाण्याच्या नौपाड्यात, नोकरी मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात, नाव घेत नाही. इंडियन किचनला पावणेपाच वर्षं झाली होती. वीस तारखेला जॉइनिंग असं एजंट म्हणाला आणि मी जाणं बंद केलं. रजिस्टरला अ‍ॅबस्कॉन्डिंग, म्हणजे न सांगता पळाला, असं लागलं. आठवड्याने जहाज कंपनीने एक्सपिरियन्स लेटर मागितलं, तेव्हा मी पुन्हा मागच्या गेटवर, टाइम ऑफिसच्या खिडकीशी, मासळीच्या क्रेटांशेजारी उभा.

एचआर तळघरात, लाँड्रीला लागून. तिथे एक क्लिअरन्स फॉर्म मिळाला, अकरा चौकोन, प्रत्येकात एका विभागाची सही, याच्याकडे आमचं काही बाकी नाही म्हणून. दहा झाल्या. युनिफॉर्म रूमला अडलं, माझ्या नावावर एक शेफ कोट आणि दोन अ‍ॅप्रन कमी. म्हटलं, पैसे कापून घ्या. तर म्हणे कापायला फुल अँड फायनल (शेवटचा हिशेब) व्हावं लागतं, फुल अँड फायनलला क्लिअरन्स लागतो आणि क्लिअरन्सला कोट. बरं, कोट विकत आणून देतो म्हटलं, तर आमच्या लोगोचा हवा! ठाण्याहून चौदा हेलपाटे घातले. दर वेळी ‘मॅडम मीटिंगमध्ये आहेत’. सातव्या महिन्यात लेटर हातात आलं, त्यात पद ‘किचन स्टाफ’. तोवर जहाज कधीच गेलं होतं.

जहाज गेल्याचं आता काही वाटत नाही. खरा फटका पुढे बसला. दुबईच्या इंटरव्ह्यूला ‘किचन स्टाफ’ वाचून मला कॉमी टू, म्हणजे कॉमी वनच्याही खाली, धरलं. माझ्याच बॅचचा एक मुलगा, हाताने माझ्यापेक्षा कच्चा (हे तोही मान्य करतो), व्यवस्थित लेटर घेऊन थेट सीडीपी म्हणून लागला. त्याच्या पायरीला पोचायला मला चार वर्षं लागली, आणि त्या चार वर्षांचा पगारातला फरक मी आजवर मुद्दाम मोजलेला नाही.

गल्फचं निघालंच आहे तर, ऑफर लेटरवर एकूण आकड्याआधी बेसिक बघ. यूएईत पहिल्या पाच वर्षांची ग्रॅच्युइटी दर वर्षाला 21 दिवसांच्या बेसिकवर मिळते, म्हणून बेसिक मुद्दाम बारीक ठेवतात. आणि गल्फला पाठवणारा नोंदणीकृत एजंट 30 हजार अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही.

पैसा कुठे आहे, हेही विचारलंयस. माझं मत कडू लागेल. एका हॉटेलात एक्झिक्युटिव्ह शेफ एकच असतो आणि त्याच्याखाली रांगेत तीस जण. ज्यांचे पगार भराभर वाढताना मी पाहिले त्यांच्यातले निम्मे चुलीपासून लांब होते, कोणी रेव्हेन्यू मॅनेजमेंटला (खोल्यांचे दर ठरवणारे), कोणी बँक्वेट सेल्सला, कोणी परचेसला. मी स्वतः परत आल्यावर ऐरोली-महापेच्या कंपन्यांना जेवण पुरवणाऱ्या केटररकडे लागलो. नातेवाईक ‘कँटीनवाला’ म्हणतात. म्हणू देत, रविवारी घरी असतो, ब्रेक शिफ्ट (मधे सुट्टी देऊन सकाळ-संध्याकाळ दोन तुकड्यांत काम) नाही, आणि पगार जुन्या हॉटेलातल्या सू शेफपेक्षा, म्हणजे किचनमधल्या दोन नंबरच्या शेफपेक्षा, बरा आहे. हे माझ्यापुरतं झालं, सगळीकडे असंच असेल असं नाही.

तिथे मला घेतलं ते कॉस्टिंगमुळे, म्हणजे पदार्थाच्या खर्चाचा हिशेब येतो म्हणून. इंटरव्ह्यूत विचारलं, सोललेला लसूण घ्याल की सालीसकट? मी भावातला फरक, सालीत जाणारं वजन आणि सोलणाऱ्या पोऱ्याचे तास मांडून दाखवले. बिर्याणीबद्दल कोणी विचारलंही नाही. म्हणून लाखभराच्या बेकिंग कोर्सऐवजी एक्सेल आणि फॉस्टॅकचं (एफएसएसएआयचं अन्नसुरक्षा प्रशिक्षण) सर्टिफिकेट आधी कर. दर 25 कामगारांमागे एक प्रशिक्षित फूड सेफ्टी सुपरवायझर लागतो, त्यामुळे तो कागद फुकट जात नाही. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला झालं. त्या बाजूला नवं हॉटेल उघडत असेल तर प्री-ओपनिंग टीमला (हॉटेल सुरू व्हायच्या आधी घेतात ती) अर्ज टाक. जुन्या जागी वर्षानुवर्षं अडकलेलं पद नव्या जागी एका सहीत मिळतं.

मी वकील नाही, तुझं अपॉइंटमेंट लेटरही पाहिलेलं नाही, नोटीसचा नियम त्यातच वाच. पण सोमवारी जा. राजीनामा ईमेलने दे, स्वतःच्या जीमेलला कॉपी ठेव. नोटीस बायआउट, म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटणं, होईल का, तेही त्याच मेलमध्ये विचार. लेटरमध्ये पद आणि तारखा हव्यात हे आत्ताच लिही, आणि कॉमी वन असशील तर कॉमी वनच माग, उगाच सीडीपी लिहून घ्यायला जाऊ नकोस, व्हेरिफिकेशनला पकडतात. पीएफला त्यांनी एक्झिट डेट (नोकरी सोडल्याची तारीख) टाकली नाही तर शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी ईपीएफओच्या पोर्टलवर तुलाही टाकता येते. माझ्या वेळी ही सोय नव्हती, त्याचे हेलपाटे वेगळेच.

आणि आज रात्री लॉकर उघडून कोट-अ‍ॅप्रन मोज. कमी असतील तर आत्ताच, नोकरीत असतानाच बदलून घे. युनिफॉर्म रूमचा माणूस आमच्याकडे तरी दुपारी कधी जागेवर नसायचा, सकाळीच जा.