पत्र्याखालचं गॅरेज, कूलर आणि ओलावा

प्रश्न : काका, नमस्कार. नाशिकच्या इंदिरानगरला आमच्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये मी मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून देण्याचं काम करतो. जागा 12 बाय 18 फूट, वर पत्रा, शटर पश्चिमेला, मागच्या भिंतीत छोटी खिडकी. एप्रिल-मेमध्ये दुपारी आत बसवत नाही, आणि नेमक्या तेव्हाच गिरणारे, मखमलाबादकडच्या पंपांच्या मोटारी जळून येतात. कूलर आणला. उन्हाळ्यात थोडा उपयोग झाला, पण पाऊस लागल्यावर तो चालू केला की उलट चिकचिक वाढते. दीड टनाचा एसी बसवू का?

उत्तर : एसी तूर्त राहू द्या. मे महिन्यात भर दुपारी एका चौरस मीटरवर जवळपास एक किलोवॅट ऊन पडतं. तुमचा पत्रा 20 चौरस मीटरचा आहे. त्यातली चौथाई उष्णता खाली उतरली तरी 5 किलोवॅट झाली, आणि दीड टनाचा एसी साधारण तेवढीच बाहेर फेकतो. म्हणजे तो दिवसभर पत्र्याशीच झुंजणार. शिवाय एसीसाठी खोली बंद हवी आणि गुंडाळलेल्या तारेवर वॉर्निश देण्याच्या कामाला ती उघडी हवी. वॉर्निश-थिनरची वाफ कोंडून तिथेच सोल्डरिंग करणं मला अजिबात पटत नाही.

आधी ऊन पत्र्यावरच अडवा. सातपूरच्या शेडमध्ये मी मेंटेनन्सला होतो, तेव्हा पत्र्याचा काही भाग पांढरा रंगवलेला आणि काही कोरा होता. कोऱ्या पत्र्याखालून रंगवलेल्याखाली सरकलं की आधी कपाळाला कळायचं. हवा तीच असायची, वरून येणारी धग कमी झालेली असायची. तुम्हीही फेब्रुवारी-मार्चमध्ये पत्रा घासून, धुऊन वरून पांढरा हीट-रिफ्लेक्टिव्ह रंग द्या. चुना स्वस्त पडतो, पण पावसात धुऊन जातो, दरवर्षी मारावा लागतो. त्यावर 75 टक्क्यांचं शेडनेट पत्र्यापासून फूटभर उंच ताणा. मधून वारा खेळला पाहिजे, नेट पत्र्याला टेकलं तर निम्मा फायदा गेला. आपल्याकडे नर्सरी-द्राक्षवाल्यांमुळे शेडनेट कुठेही मिळतं. वळवाचं वादळ सुटायच्या आत मात्र ते उतरवून ठेवा. आतून थर्माकोल लावू नका, ठिणगी उडाली तर तो भडकतो. छत करायचंच असेल तर रॉकवूल आणि खाली सिमेंट बोर्ड.

शटरवर दुपारनंतर थेट ऊन येत असणार. त्याच्या बाहेर हातभर अंतरावर बांबूची चटई किंवा नेट सोडा. आतून पडदा लावून फारसं साधत नाही, कारण तोवर शटर तापलेलं असतं.

आपलं नाशिक उंचावर असल्यामुळे मेमध्येही रात्री बऱ्यापैकी गार होतात. पहाटे उठून शटर-खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा आणि भिंती निवू द्या. ऊन चढलं की, कूलर किंवा वॉर्निशचं काम चालू नसेल तेव्हा, बंद करा. एक्झॉस्ट पत्र्यालगत, जितका उंच बसेल तितका उंच बसवा. गरम हवा तिथेच साठते.

आता कूलर. उन्हाळ्यात आपली हवा कोरडी असते. बाहेर 40 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल तर चांगला कूलर 26-27 अंशांची हवा देतो. जुलैत 28 अंश आणि 85 टक्के असताना तोच कूलर फार तर दीड-दोन अंश उतरवतो आणि खोलीत पाणी भरत राहतो. तुम्हाला जाणवलेली चिकचिक ती हीच. म्हणून उन्हाळ्यात कूलर खिडकीत बाहेरची हवा ओढेल असा ठेवा आणि समोरचं शटर हातभर उघडं ठेवा, नाहीतर ओली हवा आतच फिरेल. पाऊस लागला की टाकी रिकामी करून पॅड वाळवा आणि कूलर गुंडाळून ठेवा. पावसाळाभर पंखा आणि एक्झॉस्ट पुरे.

यात तुमच्या घामापेक्षा मला मोटारींची काळजी जास्त वाटते. वॉर्निश व्हायच्या आधीची कॉइल आणि स्लॉटमधला, म्हणजे ती बसते त्या खाचेतला कागद ओलावा पटकन धरतो, आणि मग मेगरला, म्हणजे इन्शुलेशन तपासायच्या मीटरला, रीडिंग खाली येतं. शेतकरी मोटार नेऊन विहिरीवर लावतो, ती पुन्हा जळते आणि नाव तुमचं खराब होतं. पावसाळ्यात वॉर्निशच्या आधी स्टेटरमध्ये (मोटारीच्या न फिरणाऱ्या, कॉइल असलेल्या भागात) बल्ब सोडून तो चांगला तापवा, मेगर बघा, मगच वॉर्निश करा. तापवताना थिनरचा डबा जवळ नको आणि वॉर्निश ओतताना बल्ब बंद हवा. वाइंडिंग वायरची रिळं आणि कागद झाकणाच्या डब्यात ठेवा, जमिनीवर नको.

आणि कूलरचं पाणी, सिमेंटची जमीन, शेजारी तुमचा टेस्टिंग बोर्ड, हे सगळं एकाच खोलीत आहे. गॅरेजच्या लाइनला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर रंग आणि नेटच्याही आधी ती बसवून घ्या. कूलरच्या पत्र्याला अर्थिंग पोचतंय का, तेही त्याच इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.