आजोबांबद्दल लिहिताना

प्रिय बाळ,

आजोबांच्या शोकसभेसाठी तू लिहिलेलं वाचलं. ‘कर्तव्यदक्ष अभियंता, कुटुंबवत्सल, निःस्वार्थ समाजसेवक’. यातला एकही शब्द खोटा नाही, पण नाशकातल्या कुठल्याही शोकसभेत तो चालून जाईल. आमचे साहेब, म्हणजे तुझे आजोबा, त्यात दिसत नाहीत. मी अठरा वर्षं त्यांच्या हाताखाली होतो, म्हणून हक्कानं सांगतो.

मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपतंच. ते नितळ असेल तर चिंता नाही. गढूळ असेल तर पाणी आतली माती घेऊन निघालंय, धरण पोखरतंय. एका पावसाळी रात्री मी पायथ्याशी न उतरताच वहीत ‘गळती नेहमीप्रमाणे’ असं लिहिलं. साहेब रागावले नाहीत. बॅटरी उचलली, मला घेऊन खाली उतरले, व्ही-नॉचवरची, म्हणजे गळती मोजायच्या व्ही आकाराच्या खाचेवरची, पातळी वाचली, पेल्यात पाणी घेऊन उजेडात धरलं. नितळ होतं. “आता लिही,” एवढंच म्हणाले. तो पेला तुझ्या लेखात यायला हवा.

निवृत्तीनंतर ते दिंडोरीकडे जायचे हे तुला माहीत आहे. कशासाठी, ते लिहिलं नाहीस. तिथल्या वाघाड धरणाचं पाणी शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था स्वतः वाटतात. ओझरच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी ते काम १९९० च्या सुमारास उभं केलं; अशा संस्थांसाठीचा कायदा आला २००५ साली. साहेबांना त्यातलं सगळ्यात पटलेलं म्हणजे टेलच्या, म्हणजे चारीच्या (शेतांकडे जाणाऱ्या पाटाच्या) शेवटच्या, शेताला आधी पाणी आणि पाणी मोजून. चारीच्या तोंडाशी असलेल्याचं आधी भिजलं की शेवटच्याला चिखलच मिळतो, हे त्यांनी नोकरीभर पाहिलं होतं. म्हणून गावोगाव चारीवर बसून मोजमाप शिकवायचे, सरपंचापेक्षा पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला आधी.

सप्टेंबर २००८ च्या पुराचंही लिही. गंगापूर धरणातून इतके क्युसेक सोडले, असं ऐकून गोदाकाठच्या दुकानदाराला काय कळणार? एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे अठ्ठावीस लिटर. साहेब आकडा सांगायचेच नाहीत. ‘दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत येईल, माल वर उचला,’ असं सांगत गल्लीगल्लीत फिरायचे. गोदापात्रातल्या या मारुतीच्या मूर्तीवरच नाशिककर पूर मोजतात.

‘कुटुंबवत्सल’ मात्र आजीला विचारल्याशिवाय लिहू नकोस. धरण भरत आलं की ते चार-चार दिवस घरी नसत, तेव्हा तुझ्या आईचा ताप आजीनं एकटीनं काढला. हे लिहिल्यानं त्यांचा अपमान होत नाही. आणि हेही लिही, की जेवणाचा डबा ते रोज साइटवरच घासून न्यायचे. आम्ही शिपायाला सांगायचो, ते स्वतः घासायचे. ‘घरी एकच बाई किती करणार,’ म्हणायचे.

त्यांच्या वह्या कपाटात खालच्या कप्प्यात असतील, पाऊस आणि पातळीच्या नोंदींच्या. त्या घेऊन रविवारी सकाळी ये. आधी त्या बघू, मग दिंडोरीला जाऊ. चारीच्या शेवटी ज्यांचं शेत आहे, ते काका अजून आहेत. त्यांना बोलू दे, तू फक्त लिहून घे.

तुझा,
काका