वाचकांचे प्रश्न : न परतलेल्या वैमानिकाचा माग

प्रश्न : माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते. १९४४ साली ब्रह्मदेशाच्या आघाडीवर विमानासह बेपत्ता झाले. वय बावीस. इंडिया गेट आणि दिल्लीचे राष्ट्रीय युद्ध स्मारक, दोन्हीकडे नाव शोधले, नाही. नोंदच झाली नसेल का?

उत्तर : नोंद बहुधा आहे, शोध चुकीच्या दगडांवर चाललाय. इंडिया गेटवरची नावे पहिल्या महायुद्धातली आणि १९१९ च्या अफगाण युद्धातली. राष्ट्रीय युद्ध स्मारक २०१९ मध्ये खुले झाले. तिथे स्वातंत्र्यानंतरचे जवान आहेत. १९३९ ते १९४५ मधली मुले या दोन्हींच्या मधल्या फटीत राहिली. त्यांची यादी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन, म्हणजे राष्ट्रकुल देशांच्या युद्धमृतांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणारी संस्था, ठेवते. ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेत असताना गेलेल्यांची नावे तिच्या संकेतस्थळावर विनाशुल्क शोधता येतात.

ब्रह्मदेशात पडले म्हणून लोक यांगूनजवळच्या टाउक्यान स्मारकाच्या खांबांवर नाव शोधतात आणि हात हलवत परततात. तिथली सुमारे २७ हजार नावे भूदलाची आहेत. दक्षिण आणि पूर्व आशियाच्या आकाशात गेलेल्या, देह न सापडलेल्या हवाई सैनिकांची नावे सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर आहेत, मग विमान ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आराकानात पडलेले असो की बंगालच्या उपसागरात. देह मिळून दहन झाले असेल, तर इंफाळ, कोहिमा आणि टाउक्यान इथे हिंदू-शीख सैनिकांची वेगळी दहन-स्मारके आहेत, ती पाहा. आणखी एक शक्यता तपासून घ्या : १९४० मध्ये चोवीस भारतीय वैमानिकांची तुकडी ब्रिटनला गेली होती. आपले कोणी त्या बाजूला लढताना बेपत्ता झाले असतील, तर नाव लंडनजवळच्या रनिमीडच्या हवाई दल स्मारकावर.

शोधताना पूर्ण नाव टाकू नका. मराठी नावात वडिलांचे नाव मधे येते, आणि कारकुनाने कधी ते आडनाव म्हणून नोंदवले, कधी नुसती आद्याक्षरे ठेवली. फक्त आडनाव, 'हवाई दल' आणि साल एवढेच द्या. रोमन लिपीत 'व' चा व्ही की डब्ल्यू, शेवटचा 'ई' आय की वाय की दोन ई, हे सगळे फेरे करा. तेवढ्याने जमले नाही तर वडिलांचे नाव आडनावाच्या जागी टाका. सेवा क्रमांक हाती असेल तर हा सारा खटाटोप वाचतो. जुनी तार, निवृत्तिवेतनाचा कागद, पदकांच्या खोक्यातली चिठ्ठी यांवर तो असतो. पदकावर मात्र भिस्त ठेवू नका; ब्रिटनने दिलेल्या त्या युद्धाच्या पदकांवर नाव कोरलेले नसायचे.

नोंदीत आई-वडिलांचा रकाना रिकामा दिसला तर दचकू नका. ती माहिती नातलगांनी भरून पाठवलेल्या फॉर्मवरून यायची. फॉर्म परत गेला नाही की रकाना कोरा. चूक दुरुस्त करता येते, पण कमिशन त्या काळातला कागद मागते. घरातली आठवण पुरत नाही.

प्रश्न : नेमके काय झाले, हे कळू शकेल का?

उत्तर : स्क्वॉड्रन, म्हणजे हवाई दलातली त्यांची तुकडी, नक्की असेल तर बऱ्यापैकी कळते. प्रत्येक स्क्वॉड्रन दर महिन्याला कारवाईची वही भरायची. फॉर्म ५४० म्हणजे दिवसवार सारांश, फॉर्म ५४१ म्हणजे एकेका उड्डाणाचा तपशील : तारीख, विमानाचा क्रमांक, त्यात कोण कोण, किती वाजता उडाले, किती वाजता उतरले, शेरा. या वह्या लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'एअर २७' या मालिकेत आहेत. बऱ्याच स्कॅन झाल्या आहेत. महिना माहीत असला की पान पटकन सापडते, कारण न परतलेल्या विमानापुढे उतरण्याच्या वेळेचा रकाना मोकळा असतो. बाकी सगळ्या ओळींत दोन वेळा, तिथे एकच. त्याच उड्डाणातल्या शेजारच्या विमानांचे शेरेही उतरवून घ्या. शेवटचे कुठे पाहिले, हे बहुतेकदा तिथेच मिळते.

विमानाच्या प्रकारावरून पुढची दिशा कळते. सातव्या आणि आठव्या स्क्वॉड्रनकडे व्हेंजन्स होती, सूर मारून बॉम्ब टाकणारी आणि दोघांची. म्हणजे दुसऱ्या एका घरातही त्याच तारखेचे कागद असणार. पहिल्या आणि सहाव्या स्क्वॉड्रनच्या हरिकेन या लढाऊ विमानात एकटा वैमानिक.

प्रश्न : त्यांचे गणवेशातले दोन फोटो आहेत, अल्बमच्या चिकट पानाला बसलेले. तार सेलोटेप लावून जोडली आहे. काय करावे?

उत्तर : आधी आहे तसे, अल्बमसकट स्कॅन करा. ६०० डीपीआय, टिफ फाइल. फोटो बोटभर लहान असेल तर १२००. एवढे का, तर बाहीवरचा पट्टा आणि छातीवरचे पंखाचे चिन्ह वाचता यावे म्हणून. दोन्ही बाजूंना पसरलेला पंख वैमानिकाचा. एकच पंख आणि गोलात अक्षर असेल तर नेव्हिगेटर (मार्ग दाखवणारा) किंवा तोफची. बाहीवर एक बारीक पट्टी पायलट ऑफिसरची, तीच थोडी रुंद असली की फ्लाइंग ऑफिसर, दोन पट्ट्या फ्लाइट लेफ्टनंट. टोपीच्या पुढच्या घडीत पांढरी पट्टी दिसली तर फोटो प्रशिक्षणातला आहे. घरोघरी एकच फोटो 'शेवटचा' म्हणून सांगितला जातो आणि तो बरेचदा पहिला निघतो.

मग सोडवणे. दात साफ करायचा बिनवासाचा, मेण नसलेला दोरा फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकवा. कोपरा उचलून ओढलात तर वरचा थर तडकतो. दोरा अडला की थांबा. अल्बमचे पान फोटोच्या आकारात कापून तसेच ठेवा. तारेवरचा सेलोटेप स्वतः काढू नका, कागदाचे तंतू त्याच्याबरोबर येतात. लॅमिनेशन तर अजिबात नको, ते परत उलगडता येत नाही. आम्लरहित कागदाच्या पाकिटात, लोखंडी कपाटात मधल्या खणात ठेवा. मागच्या बाजूला नाव लिहायचे ते मऊ पेन्सिलीने, कडेला. बॉलपेनचा दाब पुढे चेहऱ्यावर उमटतो. पदकांना ब्रासो लावू नका, दर पॉलिशला त्यांवरचा उठाव झिजतो.

प्रश्न : गावच्या शाळेत फलक लावायचा आहे. मजकूर कसा असावा?

उत्तर : हुद्दा, पूर्ण नाव, सेवा क्रमांक, स्क्वॉड्रन, बेपत्ता झाल्याची तारीख, वय, आणि नाव कोरलेल्या स्मारकाचे गाव. दोन जागी हमखास चुकते. एक, 'रॉयल इंडियन एअर फोर्स' असे सरसकट कोरतात. 'रॉयल' हे बिरुद मार्च १९४५ मध्ये मिळाले, तुमच्या १९४४ च्या फलकावर ते नको. दोन, तारीख. घरात पाळला जाणारा दिवस पुष्कळदा तार दारात आली तो असतो. 'बेपत्ता' म्हणून पहिली तार आणि 'मृत मानले' म्हणून दुसरी, यांत महिने जायचे. फलकावर वहीतली तारीख घाला. घरातला दिवस घरात पाळत राहा, त्याला कोणाची हरकत नाही.