जुना २ बीएचके विकायचाय, आधी इंटिरिअरवर किती खर्च करू?

तुम्ही विचारलंय की ठाण्यातला १८ वर्षं जुना फ्लॅट विकायच्या आधी नवीन मॉड्युलर किचन करू का, तर माझं स्पष्ट मत, अजिबात नको. घेणारा आल्या आल्या स्वतःच्या आवडीचं किचन करणार, तुमचे दोन-तीन लाख तो भावात धरत नाही. ट्रॉलीचे चॅनल (ज्यावर ती सरकते त्या पट्ट्या) अडकत असतील तेवढे बदला, बस.

पहिलं काम ओल. भिंतीला पोपडे आलेत ना, त्यावर नुसता रंग मारू नका, एका पावसात परत वर येतं आणि मुरलेला गिऱ्हाईक आधी बाथरूमच्या मागची भिंत आणि खिडकीखालचा कोपराच बघतो. गळती शोधा, प्लंबरला दाखवा, भिंत नीट वाळू द्या, मग पुट्टी, प्रायमर आणि ऑफव्हाईट. आमच्याकडे आधी हॉलची एक भिंत गडद जांभळी होती (हौस, दुसरं काय), ती फिकट केल्यावर हॉल एकदम मोठा वाटायला लागला.

बाथरूमच्या टाइल्स फोडू नका, टाइल्सच्या फटींतलं जुनं काळं पडलेलं ग्राउट (भरण) खरवडून इपॉक्सी ग्राउट भरा, फरक बघा. सगळ्या खोल्यांत एकाच रंगाचे एलईडी लावा, अर्धे पिवळे अर्धे पांढरे फार वाईट दिसतात.

आणि माळा रिकामा करा हो! बाल्कनीतली जुनी सायकल, पिंपं, कुंड्या सगळं भंगारवाल्याला. फ्लॅट दाखवायचा तर सकाळी, पडदे उघडे ठेवून.