‘विद्युत रोपण’ की ‘विद्युतरंध्रण’?

प्रश्न असा: विजेचे झटके देऊन वनस्पतीच्या पेशीत परके जनुक घालण्याच्या पद्धतीला, म्हणजे इलेक्ट्रोपोरेशनला, ‘विद्युत रोपण’ म्हणावे का?

म्हणू नये. मूळ शब्दात ‘पोर’ आहे, म्हणजे रंध्र. वीज काही रोवत नाही. ती पेशीपटलाला क्षणभर भोके पाडते आणि बाहेरच्या द्रावणातला डीएनए त्यांतून आत शिरतो. आत शिरलेला डीएनए गुणसूत्रात बसेलच असे नाही; बहुतेक पेशींत तो थोडे दिवस काम करून नाहीसा होतो. ‘रोपण’ म्हटले की तेही झाल्यासारखे वाटते.

‘विद्युत विलेपन’ (इलेक्ट्रोप्लेटिंग) या शब्दाच्या चालीवर ‘विद्युतरंध्रण’ बरे. ‘छिद्रण’ही चालले असते, पण छिद्र पडले की पडले, रंध्र पर्णरंध्रासारखे उघडते आणि मिटते. इथे मिटणे महत्त्वाचे, कारण रंध्रे बुजली नाहीत तर पेशी मरते.

‘झटका’ बोलण्यात ठीक, लिहिताना ‘स्पंद’ हवा. स्पंदाला उंची (जोर) आणि रुंदी (काळ) असते. प्रोटोप्लास्टसाठी, म्हणजे भित्तिका काढलेल्या वनस्पतिपेशीसाठी, साधारण ५०० व्होल्ट प्रति सेंमी, काही मिलिसेकंद. भाषांतरात यातले ‘प्रति सेंमी’ हमखास गळते आणि अर्थ बिघडतो: क्युव्हेटला, म्हणजे नमुन्याच्या छोट्या भांड्याला, दोन विद्युतअग्रांत ०.४ सेंमी अंतर असेल तर यासाठी २०० व्होल्टच लागतात. पटलावर पडणारा विद्युतदाब पेशीच्या त्रिज्येवरही ठरतो (सुमारे १.५ × विद्युतक्षेत्र × त्रिज्या). २० मायक्रोमीटर त्रिज्येच्या प्रोटोप्लास्टवर तो १.५ व्होल्ट भरतो, आणि रंध्रे पडायला साधारण एक व्होल्ट पुरतो. जिवाणू इवलासा, म्हणून त्याला १८ किलोव्होल्ट प्रति सेंमीपर्यंत जावे लागते. तिथे द्रावणात मीठ राहिले की ठिणगी उडून नमुना वाया जातो.

दुसरी चूक ‘पेशीभित्तिकेला भोके पाडतात’ ही. भोके पटलाला पडतात. भित्तिका सहसा आधीच सेल्युलेज-पेक्टिनेज या विकरांनी विरघळवून काढलेली असते. उघड्या पडलेल्या या पेशी साध्या पाण्यात फुगून फुटतात, म्हणून द्रावणात ०.४ ते ०.६ मोलर मॅनिटॉल (साखरेसारखा पदार्थ) ठेवतात.

वाक्यात वापरताना कर्म सांभाळा. ‘जनुकाचे विद्युतरंध्रण केले’ हे चूक. रंध्रे पेशीला पडतात, तेव्हा ‘पेशींचे विद्युतरंध्रण करून जनुक आत घातले’. प्रयोगशाळेत मात्र सगळे ‘पेशी इलेक्ट्रोपोरेट केल्या’ असेच म्हणतात, आणि त्यात वावगे काही नाही.